पागेचा घोडा आणि व्हीटीचे विमान : मालकीच्या नोंदीविषयी

गडहिंग्लज तालुक्यातील नेसरी हे गाव मराठी वाचकाला भूगोलातून नव्हे, कवितेतून माहीत असते. २४ फेब्रुवारी १६७४ रोजी सरनोबत प्रतापराव गुजर येथे बहलोलखानाच्या फौजेवर मोजक्या स्वारांनिशी तुटून पडले आणि मारले गेले. कुसुमाग्रजांच्या कवितेने व तिच्या चालीने हा प्रसंग घराघरांत नेला, इतका की आता इतिहासाच्या वाचकालासुद्धा तो आधी ऐकू येतो आणि मग दिसतो. कवितेचे काम तिने चोख बजावले आहे; तिच्याकडे तक्रार घेऊन जाण्याचे कारण नाही. मात्र इतिहासाला काही रुक्ष प्रश्न विचारावे लागतात, आणि त्यांतला एक असा : ते स्वार ज्या घोड्यांवर बसले होते ते घोडे कोणाचे होते?

प्रश्न क्षुल्लक वाटेल. परंतु शिवकाळातल्या लष्करी व्यवस्थेत तो फार मोठा होता. स्वाराचा पगार, त्याचा दर्जा, त्याचे धाडस आणि त्याच्या मृत्यूनंतर कुटुंबाच्या वाट्याला येणारे दिवस हे सारे त्यावर ठरत असे. हाच प्रश्न पुढे अडीचशे वर्षांनी विमानाच्या बाबतीत जसाच्या तसा उभा राहिला. वाहन कोणाचे, चालवणारा कोण, एकाचे अनेकांचे झाले तर दप्तरात काय लिहायचे? प्रस्तुत लेखात या दोन टोकांमधले काही दुवे तपासायचे आहेत. विमानशास्त्राचा वा विधिशास्त्राचा अधिकार मी सांगत नाही. भर आहे तो नोंद नावाच्या लेखनप्रकारावर. साहित्याच्या अभ्यासकांनी या लेखनप्रकाराकडे जरा दुर्लक्षच केले आहे असे मला वाटते.

प्रथम साधनांविषयी. नेसरीचा समकालीन उल्लेख इंग्रजांच्या पत्रव्यवहारात सापडतो. इंग्रजांचा दुभाषा नारायण शेणवी याने त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये रायगडाकडून मुंबईला जे कळवले त्यात दोन डोंगरांमधली अरुंद वाट आहे, प्रतापरावांसह पडलेले सहा स्वार आहेत आणि बाकीच्या सैन्याची कुमक न पोचल्याचा उल्लेख आहे. त्याने संख्या दिली, नावे दिली नाहीत. आज स्मारकांवर आणि पुस्तकांत येणारी सहा नावे परंपरेने दिलेली आहेत. ती खोटी आहेत असे मला म्हणायचे नाही; एवढेच की समकालीन कागद आणि लोकस्मृती यांचे पल्ले निरनिराळे असतात. कागद सहा म्हणून थांबतो. स्मृतीला अनाम माणूस सहन होत नाही, ती त्याला नाव दिल्याशिवाय राहत नाही.

कृष्णाजी अनंत सभासदाने राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून जिंजीला बखर लिहिली तेव्हा शिवाजी महाराजांच्या घोडदळाची रचना त्याने मोठ्या आस्थेने नोंदवली. पागा आणि शिलेदार असे दोन भाग. पागेतला स्वार तो बारगीर. त्याचा घोडा सरकारचा. शिलेदार स्वतःचा घोडा व स्वतःचे हत्यार घेऊन चाकरीला येणार. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवाल्यांचा एक जुमला, अशी चढती उतरंड. पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंदही. शब्दांकडे पाहा. शिलेदार हा मूळचा फारसी सिलाहदार, म्हणजे शस्त्र बाळगणारा. बारगीर म्हणजे ओझे घेणारा, वाहून नेणारा. हा शब्द फारसीत घोड्याला लागतो आणि आपल्याकडे स्वाराला लागला. ज्याच्या नावावर घोडा नाही तो माणूसच शब्दार्थाने घोडा झाला, असे गमतीने म्हणता येईल. मराठीत आजही आपण एखाद्याला एखाद्या विचाराचा शिलेदार म्हणतो ते गौरवाने. बारगीर म्हणून कोणी कोणाचा गौरव केल्याचे ऐकिवात नाही. मालकीचा मान भाषेत असा मुरलेला असतो.

सभासदाने सांगितलेला कल मात्र याच्या उलट आहे : पागा थोर, शिलेदार पागेच्या हाताखाली. यामागे राजकीय कारण तर होतेच, कारण स्वतःचे घोडे बाळगणारा उद्या ते घेऊन दुसरीकडे जाऊ शकतो. पण आणखी एक कारण होते आणि ते थेट रणांगणाशी निगडित आहे. विल्यम अर्विनने मोगल सैन्यावरील आपल्या ग्रंथात दाखवून दिले आहे की घोडा हीच ज्या स्वाराची सारी पुंजी, तो घोडा मेला की स्वार देशोधडीला लागे. सबब लढाईच्या ऐन वेळी त्याला शत्रूपेक्षा आपल्या घोड्याची चिंता अधिक. सरकारी घोड्यावरच्या बारगिराला ही चिंता नाही. म्हणजे मालकी असली की माणूस जपून वागतो हा अर्थशास्त्राचा आवडता सिद्धान्त येथे खरा ठरतो, आणि नेमका त्याचमुळे सेनापतीला नकोसा होतो.

परंतु सरकारी घोड्याचा दुसरा धोकाही महाराजांना ठाऊक होता. चिपळूणच्या छावणीतल्या जुमलेदार-हवालदारांना लिहिलेले त्यांचे राज्याभिषेकाच्या सुमाराचे पत्र मराठी गद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याने वाचलेले असते. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा-वैरण आत्ताच मनमानीने उधळाल तर ऐन पावसात घोडी मरतील, मग तुम्हीच ती मारली असे होईल, आणि रयतेला लुबाडायला निघाल, हा त्याचा आशय. आपण हे पत्र रयतेविषयीच्या कळवळ्यासाठी वाचतो, आणि ते रास्तच आहे. पण ते सामाईक मालमत्तेच्या देखभालीवरचे पत्रही आहे. जे सर्वांचे ते कोणाचेच नाही, हा रोग त्या छावणीत दिसू लागला होता. वैरण कोणाची, घोडा कोणाचा, जबाबदार कोण, यांची उत्तरे एका व्यक्तीच्या नावाला बांधल्याखेरीज तो रोग आटोक्यात येत नाही, हे पत्रलेखकाने नेमके ओळखले होते.

आता नोंद. घोड्याची मालकी दप्तरात आणण्याची युक्ती फार जुनी आहे. चौदाव्या शतकाच्या आरंभी अल्लाउद्दीन खिलजीने आणि पुढे अकबराने घोड्यांना डाग देण्याची व स्वार आणि घोडा यांचे वर्णन लिहून ठेवण्याची पद्धत अंमलात आणली. माणसाचा चेहरा, घोड्याचा रंग, अंगावरच्या खुणा. हेतू अगदी व्यावहारिक होता : हजेरीच्या दिवशी एकच घोडा दोघांच्या नावे दाखवू नये, अथवा चांगला घोडा विकून त्याच्या जागी तट्टू उभे करू नये. या वर्णनाला आपल्याकडे हुलिया हा शब्द आला. पुढे तो फरारी आरोपीच्या वर्णनापुरता उरला, तेही हिंदीतच अधिक. एका ओळीत एक जीव पुरा ओळखता यावा असे लिहिणे ही साधी कला नाही. व्यक्तिचित्रणाचा इतिहास लिहिताना आपण इंग्रजी निबंधकारांपर्यंत जातो, या कारकुनांपर्यंत जात नाही. असो.

विमानाच्या वाट्याला हुलिया आला तो पहिल्या महायुद्धानंतर. १९१९ च्या पॅरिस करारात हवाई वाहतुकीचे नियम प्रथमच राष्ट्राराष्ट्रांत ठरले आणि त्यात एक विलक्षण कल्पना मांडली गेली : विमानाला राष्ट्रीयत्व असते, आणि ते ज्या देशाच्या नोंदवहीत लिहिले आहे त्या देशाचे असते. ज्या विमानाची मालकी संपूर्णपणे त्या देशाच्या नागरिकांकडे नाही त्याची नोंद होणार नाही, असेही त्यात होते. हा ‘संपूर्णपणे’ शब्द लक्षात ठेवावा. सामाईक मालकीचा सारा गुंता त्यातच आहे. १९४४ च्या शिकागो कराराने राष्ट्रीयत्वाची कल्पना कायम ठेवली आणि बजावले की एका विमानाची नोंद एकाच वेळी दोन देशांत असू शकत नाही, ती एका देशातून दुसऱ्यात मात्र नेता येते. एक घोडा दोन हजेऱ्यांत दाखवू नये, हाच तो जुना दंडक.

भारतातली विमाने सुरुवातीला ब्रिटिश साम्राज्याच्या ‘जी’ या अक्षराखाली, ‘जी-आय’ने सुरू होणारी चिन्हे लावत. १९२९ पासून त्यांच्या अंगावर ‘व्हीटी’ आले. ही दोन अक्षरे म्हणजे ‘व्हाइसरॉय्ज टेरिटरी’, व्हाइसरॉयचा मुलूख, असे आपल्याकडे सर्रास सांगितले जाते. २०१६ साली राज्यसभेतही हा विषय निघाला आणि गुलामीचे चिन्ह पुसण्याची मागणी झाली. व्युत्पत्तीच्या अभ्यासकाला येथे थबकावे लागते. अक्षरे वाटली गेली ती १९२७ च्या वॉशिंग्टन येथील बिनतारी संदेश परिषदेत, रेडिओ-संकेतांच्या गटांतून. व्ही या अक्षराखालचा मोठा पट्टा ब्रिटिश साम्राज्याकडे गेला आणि त्याचे ओळीने तुकडे पडले : आरंभीचा कॅनडाला, व्हीएचपासूनचा ऑस्ट्रेलियाला, व्हीपी ते व्हीएस वसाहतींना आणि व्हीटी ते व्हीडब्ल्यू हिंदुस्थानला. म्हणजे टी हे अक्षर ‘टेरिटरी’चे आद्याक्षर म्हणून आले नाही, एसनंतर टी येतो म्हणून आले. साम्राज्य त्यात आहे, पण ते वाटपाच्या रांगेत आहे, अक्षरांच्या अर्थात नव्हे. लोकव्युत्पत्तीला रांगेचे स्पष्टीकरण पटत नाही. तिला कथा हवी असते. नेसरीच्या अनाम स्वारांना नावे देणारी आणि व्हीटीला व्हाइसरॉय चिकटवणारी प्रवृत्ती मुळात एकच आहे. फाळणीनंतर पाकिस्तानातील विमाने ‘एपी’ लावू लागली. कलकत्त्यात १९४६ साली स्थापन झालेली ओरिएंट एअरवेज ही कंपनी कराचीला गेली, तेव्हा तिच्या विमानांनीही एका वहीतून उठून दुसरीत नाव घातले. माणसांच्या स्थलांतरावर आपल्याकडे कथा-कादंबऱ्या आहेत. यंत्रांचे स्थलांतर दोन अक्षरांत आटोपले.

खासगी विमान सामाईक मालकीचे झाले आणि त्याची नोंद बदलली, याचे आपल्याकडचे सर्वांत ठळक उदाहरण टाटांचे आहे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे जुहूला उतरले ते पस मॉथ जातीचे एकइंजिनी विमान. त्याची खूण व्हीटी-एडीएन. पुढचा मद्रासपर्यंतचा टप्पा नेव्हिल व्हिन्सेंट याने पुरा केला. तेव्हा हा उद्योग टाटा सन्सचा केवळ एक विभाग होता. म्हणजे मालक एक, आणि तोच चालवणारा. येथे विमान शिलेदारीचे होते असे खुशाल म्हणावे. २९ जुलै १९४६ रोजी या विभागाची एअर-इंडिया लिमिटेड नावाची सार्वजनिक कंपनी झाली. भागधारक अनेक झाले, तसा विमानांचा मालकही बदलला आणि ती नव्या कंपनीच्या नावे लिहिली जाणे ओघानेच आले. १९४८ च्या मार्चमध्ये एअर-इंडिया इंटरनॅशनल निघाली. तीत ४९ टक्के भाग भारत सरकारचा, २५ टक्के टाटांकडे आणि उरलेला इतरांचा. सरकार आणि खासगी भांडवल यांनी मिळून एक गोष्ट चालवण्याचा तो काळ मोठा उत्साहाचा होता. ८ जून १९४८ रोजी ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून लंडनला निघाले.

याच सुमाराच्या दुसऱ्या भागीदारीची आठवण द्यावीशी वाटते, कारण तिचा कर्ता सोलापूरचा. वालचंद हिराचंदांनी डिसेंबर १९४० मध्ये बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी म्हैसूर संस्थानाच्या भागीदारीत उभी केली. १९४१ मध्ये भारत सरकार तिसरा भागीदार झाले. पुढच्याच वर्षी, जपान ब्रह्मदेशापर्यंत आल्यावर, सरकारने वालचंदांचा हिस्सा विकत घेतला. सामाईक मालकी एकेका भागीदाराने कशी पातळ होत जाते याचा हा नमुना आहे, आणि त्यात वैर कोणाचेच नव्हते, युद्ध होते. कोल्हापूर संस्थानानेही याच काळात आकाशाकडे पाहिले होते. राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत १९३९ साली उजळाईवाडीला विमानतळ झाला. शिलेदार-पागेच्या परंपरेतल्या राजघराण्याला घोड्यांच्या तबेल्यापासून धावपट्टीपर्यंत यायला फार अंतर तोडावे लागले नाही.

१९५३ मध्ये वेगळेच घडले. हवाई महामंडळ अधिनियमान्वये १ ऑगस्ट १९५३ रोजी एअर-इंडिया लिमिटेड, एअर सर्व्हिसेस ऑफ इंडिया, डेक्कन एअरवेज, भारत एअरवेज, हिमालयन एव्हिएशन, इंडियन नॅशनल एअरवेज, कलिंग एअरलाइन्स आणि एअरवेज (इंडिया) या आठ कंपन्या इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झाल्या. परदेशी वाहतुकीसाठी दुसरे महामंडळ झाले. येथे विक्रीखत नाही, सौदा नाही. कायद्याच्या एका कलमाने सारी मालमत्ता ठरल्या दिवशी महामंडळांत निहित झाली, भरपाई मागाहून. शिलेदारांचे सारे घोडे एका दिवसात पागेत जमा झाले. निर्णय आधी घेऊन मग आपल्याला सांगितला गेला, याचे जे. आर. डीं.ना झालेले दुःख त्यांच्या चरित्रांत नमूद आहे. तरीही महामंडळाचे अध्यक्षपद त्यांनी स्वीकारले आणि १९७८ पर्यंत सांभाळले. पंचवीस वर्षे ते सरकारी घोड्यावरचे सरनोबत राहिले. मला हा त्यांच्या आयुष्यातला सर्वांत विचार करण्याजोगा भाग वाटतो. उद्योगपतींवर लिहिणारे मात्र जुहूच्या मैदानातच अधिक रमतात. २७ जानेवारी २०२२ रोजी एअर इंडिया पुन्हा टाटांकडे आली तेव्हा कंपनीचे भाग हस्तांतरित झाले. विमानांची मालक कंपनी तीच राहिली आणि कंपनीचे मालक बदलले. वर्तमानपत्रांनी घरवापसी म्हणून गौरवलेल्या घटनेसाठी नोंदवहीतल्या मालकाच्या रकान्यात खाडाखोड करण्याचे कारण नव्हते. कायद्याने निर्माण केलेली ही निराकार व्यक्ती मधे उभी असली की माणसे येतात-जातात, नोंद हलत नाही.

साध्या माणसांची सामाईक मालकी याहून अवघड असते. समजा एका हौशी वैमानिकाने आपले छोटे विमान स्वतःच्या नावावरून चार मित्रांच्या नावे केले. १९३४ च्या विमान अधिनियमाखाली १९३७ साली झालेल्या नियमांनी यासाठी दुहेरी बंधन घातले : जुन्या मालकानेही महासंचालकांना कळवायचे, नव्यानेही कळवायचे आणि नव्या प्रमाणपत्रासाठी अर्ज करायचा. (हा मूळ अधिनियम जाऊन १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ लागू झाला आहे.) विमानाच्या अंगावरची अक्षरे बदलत नाहीत, बदलतो तो वहीतला रकाना. ब्रिटनमध्ये अशा मंडळींचे गट पुष्कळ आहेत. तेथे वीस जणांपर्यंतच्या आणि प्रत्येकाचा किमान पाच टक्के हिस्सा असलेल्या गटाचे उड्डाण खासगी मानण्याची सवलत आहे, आणि मालकी बदलल्यावर नव्या मालकाने अठ्ठावीस दिवसांत कळवावे लागते. पाच टक्के म्हणजे आपल्या आणेवारीत पाऊण आण्याहून किंचित अधिक.

आणेवारीचा उल्लेख सहज केला नाही. मराठी मुलखाला हिस्सेदारीचे दप्तर नवे नाही. पाटीलकी, कुलकर्ण यांसारख्या वतनांच्या तक्षिमा पडत. कोणाची आठ आणे, कोणाची चार, आणि मानपान, शिक्का, वडीलपण यांवरून पिढ्यान्‌पिढ्या महजर चालत. वतनाचे कागद वाचताना जाणवते की भांडण उत्पन्नाच्या वाट्यापेक्षा नावाच्या क्रमावर अधिक आहे : पत्रात पहिले नाव कोणाचे, होळीची पहिली पोळी कोणाची. समुद्रावर इंग्रजी कायद्याने जहाजाचे चौसष्ट हिस्से मानले; भारतीय वाणिज्य नौवहन अधिनियमाने १९५८ साली ते दहावर आणले. विमानाच्या वहीला असे ठरीव अपूर्णांक नाहीत. म्हणून गट आपल्यातल्या एकदोघांना विश्वस्त करतो अथवा छोटी कंपनी काढतो, आणि वहीत तेच नाव चढते. बाकीच्यांचे हिस्से आपसांतल्या करारात राहतात. सरकारला पत्र पाठवायला एक पत्ता हवा असतो, तो मिळाला की त्याचे काम झाले.

मराठी वाचकाला हे समजायला फेरफाराची उपमा पुरेशी आहे. जमिनीचा व्यवहार झाला की तलाठ्याच्या फेरफार वहीत नोंद होते, हरकती मागवल्या जातात, प्रमाणित झाल्यावर सातबारा बदलतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ प्रमाणे अशी नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी धरली जाते. या वाक्यातला ‘विरुद्ध सिद्ध होईपर्यंत’ हा तुकडा गावोगावच्या वकिलांनी शतकभर जगवला आहे. नोंद म्हणजे हक्क नव्हे, हक्काविषयीचे गृहीतक. अमेरिकी कायदा विमानाबाबत याहून पुढे जातो. मालकीचाच वाद असेल तेथे नोंदणीचे प्रमाणपत्र मालकीचा पुरावा मानायचे नाही असे तो स्वच्छ म्हणतो. मग ही वही सांगते तरी काय? ती सांगते की या वस्तूबद्दल राज्यसंस्था कोणाला जाब विचारणार. चिपळूणच्या पत्रात जुमलेदारांना जो जाब विचारला होता त्याचे हे दप्तरी रूप.

आज आकाशात दिसणारी बहुसंख्य भारतीय प्रवासी विमाने या हिशेबात बारगिरीची आहेत. मालक परदेशातली भाडेपट्टा कंपनी, चालवणारी कंपनी येथली, अंगावर व्हीटी. मुंबईच्या वाडिया समूहाच्या गो फर्स्ट कंपनीने ३ मे २०२३ पासून उड्डाणे थांबवून दिवाळखोरीचा अर्ज केला तेव्हा या व्यवस्थेची शिवण उसवली. मालक म्हणत होते, आमची विमाने आम्हाला परत द्या, नोंद रद्द करा. दिवाळखोरी कायद्याची स्थगिती म्हणत होती, कंपनीच्या ताब्यातले काहीच हलवू नका. विमाने जमिनीवर उभी राहिली. घोडा असो की विमान, उभे राहिले की खाते; देखभालीचा खर्च, सुट्या भागांची चोरी, गंज. २६ एप्रिल २०२४ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने ५४ विमानांची नोंदणी पाच कामकाजाच्या दिवसांत रद्द करण्याचा आदेश दिला. जवळजवळ वर्षभर ती विमाने एका शब्दासाठी अडून होती, आणि तो शब्द वहीतून वगळायचा होता.

१९३२ चे ते पहिले उड्डाण जे. आर. डीं.नी १९६२ मध्ये आणि पुन्हा १९८२ मध्ये, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, लेपर्ड मॉथ विमानातून करून दाखवले. ‘मलबार प्रिन्सेस’चे, व्हीटी-सीक्यूपीचे, आयुष्य मात्र अल्प ठरले, ३ नोव्हेंबर १९५० रोजी ते मों ब्लांवर आदळले आणि ४८ माणसे गेली. २४ जानेवारी १९६६ रोजी त्याच पर्वतावर बोइंग ७०७ ‘कांचनजंगा’, व्हीटी-डीएमएन, कोसळले. ११७ मृतांत डॉ. होमी भाभा होते. १९५० मध्ये मालक सरकार, टाटा आणि भागधारक मिळून होते. १९६६ मध्ये महामंडळ. नष्ट झालेल्या विमानाची नोंद रद्द होते, एवढ्याने वहीचे काम संपते. हिमनदीचे संपत नाही. ती वर्षाकाठी थोडी थोडी पुढे सरकते आणि पोटातले काही बाहेर टाकते. २०१२ साली तिने भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाची टपालाची थैली परत दिली. ती भारतीय दूतावासाच्या हवाली झाली, कारण तिच्यावर मालकाचे नाव होते. २०१३ साली एका तरुण गिर्यारोहकाला पाचू आणि नीलमणी असलेली धातूची पेटी सापडली. त्याने ती पोलिसांकडे जमा केली. मालकाच्या वारसांचा शोध लागला नाही. अखेर डिसेंबर २०२१ मध्ये त्या रत्नांची दोन सारखी वाटणी झाली : अर्धी त्या गिर्यारोहकाला, अर्धी शामोनीच्या नगरपालिकेला, आणि आठ आणे तक्षिमेची ती रत्ने तेथल्या संग्रहालयात मांडली गेली.